मस्कतच्या वाटेवरचे तीन मापे तांदूळ

एकतीस वर्षे मी आठवीच्या वर्गाला फिलिपिन्स हा देश दीड तासिकेत शिकवत आले. बेटांचा समूह, जागृत ज्वालामुखी, राजधानी मनिला, मुख्य पीक भात, निर्यात नारळ व केळी. उरलेल्या अर्ध्या तासिकेत मुलांकडून नकाशा भरून घेत असे. निवृत्तीला सहा वर्षे झाल्यावर, एका जुलै महिन्यात, त्या देशाची एक नागरिक माझ्या छत्रीखाली चंद्रपूर स्थानकाबाहेर उभी होती आणि माझे उत्तर अपुरे असल्याचे मला नम्रपणे सांगत होती.

"तीता," ती म्हणाली, "आमच्याकडून सगळ्यांत जास्त बाहेर जातो तो माल म्हणजे आम्ही."

तीता म्हणजे त्यांच्याकडे मावशी. तिचे नाव मारिसेल. मस्कतच्या एका रुग्णालयात ती अकरा वर्षे परिचारिका आहे, आणि माझी मुलगी अनघा चार वर्षांपासून तिच्याच वॉर्डात काम करते. मारिसेलला सुट्टीत भारत पाहायचा होता. अनघाला रजा मिळाली नाही, म्हणून कराडहून मी निघाले. आमचे संभाषण इंग्रजीत चाले. ते मी येथे मराठीत देत आहे.

प्रवासाचे हेतू दोन होते, आणि ते मी वहीत क्रमाने लिहिले होते. पहिला, मारिसेलला वाघ दाखवणे. दुसरा, सावली तालुक्यातील एका आईला मारिसेल दाखवणे.

दुसरा हेतू समजावून सांगितला पाहिजे. प्रणाली ही सावलीजवळच्या एका गावातील भात पिकवणाऱ्या कुटुंबातली मुलगी. परिचर्येचे शिक्षण पूर्ण करून ती गडचिरोलीच्या एका खासगी रुग्णालयात काम करते. अनघाच्या रुग्णालयाने तिची निवड केली होती. करार तीन वर्षांचा होता. होकाराचे पत्र बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत पोहोचायला हवे होते, आणि आईचा होकार नव्हता. वडिलांचा होता, पण त्या घरात वडिलांच्या होकाराला अनुमोदनापलीकडे वजन नाही, असे प्रणालीने आधीच कळवले होते. अनघाचे म्हणणे सरळ होते. "आई, त्या बाईंना वाटतं, बाहेर गेलेली पोर हरवते. बाहेर गेलेली एक धडधाकट बाई त्यांना नुसती दाखवून आण."

रविवार : चंद्रपूर

वेळापत्रक मी पंधरा दिवस आधी चौकटी आखून तयार केले होते. गाड्यांच्या वेळा, मुक्काम, औषधे, सुटे पैसे, सगळे त्यात होते. फक्त एक गोष्ट निसटली. पावसाळ्यात ताडोब्याचे मुख्य जंगल पर्यटकांसाठी बंद असते. मोसमी वाऱ्यांवर तीन दशके प्रश्नपत्रिका काढणाऱ्या व्यक्तीच्या हातून हे व्हावे, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

आमच्या गाडीचा चालक भास्कर याने बातमी हळुवारपणे दिली. "मॅडम, वाघ सुट्टीवर आहे जी. ऑक्टोबरात ड्युटीवर येते."

मारिसेलने ते मनाला लावून घेतले नाही. भास्करने एका चौकातल्या वाघाच्या पुतळ्यापाशी गाडी थांबवली. तिने त्याच्या पंजावर हात ठेवून छायाचित्र काढून घेतले आणि आईला पाठवले. खाली लिहिले, "वाघ पाहिला. स्वभावाने शांत आहे."

त्या दिवशी तिची एक सवय माझ्या ध्यानात आली. गाडीत बसली की ती एक छोटी वही उघडून जर्मन शब्द पाठ करी, प्रत्येक शब्दाचे लिंग तीन रंगांच्या शाईने दाखवलेले. चाळिशीला आलेली बाई सुट्टीतसुद्धा नवी भाषा शिकते, याचे मला फार कौतुक वाटले. मी तिला शाबासकी दिली. जर्मनच का, हे विचारले नाही. शिक्षकाला अभ्यास दिसला की कारण विचारण्याचे सुचत नाही, हा आमच्या पेशातला जुना दोष आहे.

सोमवार : सावलीकडे

मूल हे गाव ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना भाताची खाचरे सुरू झाली. इकडे खाचराला बांधी म्हणतात आणि बांधाला धुरा. पाण्याने भरलेल्या बांध्यांमधून आभाळाचे तुकडे मांडून ठेवल्यासारखे दिसत होते. मारिसेलने गाडी थांबवायला लावली, चपला काढल्या आणि धुऱ्यावरून चालत जाऊन तिने एक रोप हातात घेऊन पाहिले. "हुमाय," ती म्हणाली. सोलल्यावर बुगास आणि शिजल्यावर कान-ऑन. म्हणजे आपले धान, तांदूळ आणि भात. इंग्रजीत या तिन्हींना एकच शब्द आहे. ज्या भाषेत आम्ही दोघी बोलत होतो, ती या विषयात आम्हा दोघींपेक्षा गरीब निघाली.

वाटेत ती तिच्या देशाची रीत सांगत होती. मनिलाच्या विमानतळावर कामासाठी परदेशी जाणाऱ्यांची रांग वेगळी असते. निघण्यापूर्वी वर्ग भरतो. करारातली कलमे, तिकडचे रीतिरिवाज, अडचणीत कुठे जायचे, हे सगळे त्यात शिकवतात.

"परीक्षा असते?" मी विचारले.

"नाही, तीता."

मी थोडी निराश झाले.

पुढे तिने या मार्गाच्या पायऱ्या सांगितल्या. कोणी हाँगकाँगला घरकामाला जातो, कोणी जहाजावर. परिचारिका आखातात जातात, आणि तेथे अनुभव साठला की युरोपकडे पाहतात.

"म्हणजे इयत्ता आहेत तर," मी म्हणाले.

"आखात म्हणजे आठवी," ती हसून म्हणाली आणि वही उघडून पुन्हा शब्द पाठ करू लागली.

तिची स्वतःची आई हाँगकाँगला घरकाम करत होती. मारिसेल सहा वर्षांची असताना ती गेली. दर वर्षी ती खोक्यातून साबण, चॉकलेटे आणि बूट पाठवी. "बूट नेहमी लहान व्हायचे," मारिसेल म्हणाली. "आईला माझे पाऊल कायम मागच्या वर्षीचे माहीत असायचे."

प्रणालीच्या घरी पोहोचलो तेव्हा तिच्या आई वच्छलाबाई रोवणीवर, म्हणजे भातलावणीला, गेल्या होत्या आणि प्रणाली गडचिरोलीला कामावर होती. स्वागत वडिलांनी, मोरेश्वरभाऊंनी, केले. शिडशिडीत, मिश्कील गृहस्थ. मी त्यांच्याशी मुख्य विषय काढताच त्यांनी हात जोडले.

"मॅडम, माहा काय इरोध नाई. पन मंत्रिमंडळ बांधीत आहे. सांजच्याले येते."

मंत्रिमंडळ संध्याकाळी आले, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. वच्छलाबाई उंच, हाडापेराने मजबूत. हातपाय धुऊन त्यांनी मारिसेलकडे एकदा नीट पाहिले आणि चुलीशी बसल्या. जेवायला भात, वरण आणि वास्त्याची भाजी होती. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. मारिसेलने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "तांबो," ती म्हणाली. तिच्या गावी हीच भाजी नारळाच्या दुधात आणि कोळंबी घालून करतात.

आमच्या कराडकडे भाकरीने जेवण सुरू होते आणि भात शेवटी उपचारापुरता येतो. सवयीने मी भाकरी आहे का, असे विचारले.

"भाकर भेटन," वच्छलाबाई म्हणाल्या. "पन मंग जेवन कवा करान?"

मी भात घेतला.

माझी कल्पना अशी होती की या दोघींमध्ये दुभाषी म्हणून मला बरेच काम पडेल. मारिसेलचे हिंदी सगळे वॉर्डातले. "लंबा साँस लो", "दर्द किधर", "खाना खाया क्या" यापलीकडे ते जात नाही. पण तिच्या रुग्णांत तेलुगू मजूर पुष्कळ. वच्छलाबाईंनी तिच्या पानात आणखी भात वाढला, तशी ती सहज म्हणाली, "अम्मा, अन्नम तिन्नावा?" म्हणजे, जेवलात का.

वच्छलाबाईंचा हात थांबला. "इले तेलगू येते?" त्यांनी मला विचारले, आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता त्या तेलुगूतच सुरू झाल्या. पुढची दहा मिनिटे, जेवण, पाणी आणि शरीरातली दुखणी एवढ्या शब्दसंग्रहावर, दोघींचे उत्तम चालले. मी वरण-भात खात बसले. वच्छलाबाईंना तेलुगू कुठून येते, याचा उलगडा दुसऱ्या दिवशी झाला.

मंगळवार : बांधीत

सकाळी आम्हीही रोवणीला गेलो. दहा-बारा बाया ओणव्या होऊन, उलट्या पावली सरकत, पऱ्हे म्हणजे भाताची रोपे चिखलात खोवत होत्या. मारिसेल त्यांच्यात मिसळून गेली. बोटांना लहानपणची आठवण होती. मी एक ओळ मागून घेतली. दोन रोपांत एक वीत अंतर ठेवले, प्रत्येक ठिकाणी तीन काड्या लावल्या आणि मागे वळून ओळ सरळ आहे की नाही, हे तपासत गेले. माझी एक ओळ होईपर्यंत बायांनी अर्धी बांधी संपवली होती.

"मॅडम," एक बाई ओणव्यानेच म्हणाली, "धान आहे वो ते. पोट्टे नाई. काऊन रांगेत उभे करून राह्यल्या?"

हशा बराच वेळ चालला. मी ओळ पूर्ण केली.

दुपारी धुऱ्यावर शिदोऱ्या सुटल्या, तेव्हा मी मुख्य विषयाला हात घातला. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर मी अरबी समुद्राचा नकाशा काढून आणला होता आणि खाली 'परदेशगमन : फायदे व तोटे' अशी दोन रकान्यांची यादी केली होती. घराबाहेर न पडलेल्या माणसाला आधी अंतर समजले पाहिजे, या विचाराने मी सुरुवात केली. "वच्छलाबाई, हे आपले सावली. आता समजा, आपण कधी तालुका सोडून बाहेर गेलोच नाही..."

आजूबाजूच्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या.

"मॅडम," वच्छलाबाई शांतपणे म्हणाल्या, "मी अठरा वर्सं झाले तेलंगनात मिरची तोडाले जातो. दर सालाले दोन मयने. ह्या समद्या माह्याच टोळीतल्या."

धानाची कापणी-मळणी आटोपली की या गावातल्या बाया खम्ममकडच्या मिरचीच्या शेतांवर जातात, आणि टोळीची पुढारी असतात वच्छलाबाई. ज्या बाईला मी परदेश म्हणजे काय हे समजावायला आले होते, ती अठरा वर्षे दुसऱ्या भाषेच्या मुलखात माणसे नेत होती आणि परत आणत होती. मी नकाशाची घडी घातली.

मग प्रश्न त्यांनी विचारले आणि मी भाषांतर केले. इतके मुद्देसूद प्रश्न माझ्या शाळेच्या तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनीही कधी विचारले नव्हते.

"कागद कोनापाशी राह्यते? मालकापाशी का हिच्यापाशी?"

"पासपोर्ट स्वतःपाशी," मारिसेल म्हणाली. "मागितला तर द्यायचा नाही. मागणारी माणसे असतात."

"असतेच. आमच्या ठेकेदारानं एकदा आधारकार्ड मांगले होते समद्यायचे. मी म्हटलं, तुयं दे, मंग माहं घे." बाया हसल्या. "झोपते कुठी?"

"एका खोलीत चौघी. खोली आतून बंद होते."

"ताप आला त?"

"औषध रुग्णालयाचे. पण पेज मैत्रीण करून देते."

"मुद्दा तोच आहे." वच्छलाबाईंनी भाताचा शेवटचा घास संपवला. "मी प्रनालीले नाई कायले म्हटलं? समुंदर लांब आहे म्हून नाई. विमान त बसून जाते, आमी ट्रकात उभे राहून जातो. पन आमच्यात एकटी बाई मिरचीले जात नाई. जोडीनं जाते. हे पोट्टी एकटी चालली. हिची जोडीदारीन कोन?"

मी भाषांतर केले. मारिसेल त्या वेळी बोटांवरचा चिखल धूत होती. ती मान वर करून सहज म्हणाली, "मैं है ना."

वच्छलाबाईंनी शिदोरीचे फडके गुंडाळले. उठून पुन्हा बांधीत उतरल्या. घरी येताना मारिसेल त्यांना सांगत होती की वाघ काही दिसला नाही.

"वाघ पाहाले गाडी करून जाते?" वच्छलाबाईंनी मला विचारले. "आमच्या धुऱ्यावर येते तो. आमीच गाडी करून पळतो."

बुधवार : मार्कंड्यापर्यंत आणि परत

आता माझ्या चुकीकडे येते.

सकाळी आम्ही निघालो. गडचिरोलीत प्रणालीला घेऊन तिघींनी मार्कंड्याचे देवदर्शन करायचे, असा बेत होता. गाडीत बसताना वच्छलाबाई घरातून एक गाठोडे घेऊन आल्या आणि त्यांनी ते मारिसेलसमोर धरले. आत तांदूळ होते.

आमच्याकडे अशा वेळी पाहुण्याने "नको, नको, कशाला" असे दोनदा म्हणण्याची रीत आहे. तिसऱ्या आग्रहाला घ्यायचे. मारिसेलला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, म्हणून तिच्या वतीने मी पुढे झाले. "अहो, नको नको. विमानात सामान तीसच किलो नेता येतं."

वच्छलाबाईंनी माझ्याकडे पाहिले, मग मारिसेलकडे. "नाई घेत?"

"कशाला उगीच त्रास," मी हसून म्हणाले, दुसऱ्यांदा.

त्यांनी मान हलवली आणि गाठोडे परत आत नेले. तिसरा आग्रह झाला नाही. इकडे आग्रह कमी करतात, अशी नोंद मी वहीत केली.

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वाहते. दक्षिणेकडे निघालेली नदी येथे वळसा घेऊन उलटी जाते, म्हणून ती जागा पवित्र मानतात. पुराच्या लाल पाण्याचा आवाज देवळापर्यंत येत होता. काळसर दगडी भिंतींवरच्या मूर्ती पावसाने न्हालेल्या होत्या. दर्शन झाले. काठावरच्या पायऱ्यांवर बसून मी वळणाची कारणे समजावत होते, पण प्रणालीचे लक्ष नव्हते. ती लहानखुरी, कमी बोलणारी मुलगी. गाडीत बसल्यापासून सामानात काहीतरी शोधत होती.

"मॅडम," शेवटी तिने विचारले, "आईनं तांदूळ दिले नाई काय?"

"दिले की. पण आम्ही घेतले नाहीत," मी सांगितले. "दोनदा नको म्हटलं."

प्रणाली नदीकडे पाहत राहिली. मग तिने सांगितले.

त्यांच्या गावात मिरची तोडणीला पहिल्यांदा जाणाऱ्या मुलीची आई जोडीदारणीला तांदूळ देते. जोडीदारणीने ते घेतले की दोघींची हांडी एक. हंगाम संपून मुलगी घरी येईपर्यंत तिची जबाबदारी जोडीदारणीवर. "आन नाई घेतले त समजाचं, तिनं नाई म्हटलं. कोनी वाईट वाटून घेत नाई. पन मंग पोट्टी जात नाई."

घड्याळात एक वाजला होता. मी उभी राहिले. "भास्कर, गाडी काढ. प्रणाली, आईला फोन लाव."

"आई बांधीत गेली का फोन घरी राह्यते."

पायऱ्या चढताना लक्षात आले की मारिसेल उठलेली नाही. मी तिला सगळे इंग्रजीत पुन्हा सांगितले, तिला समजले नसावे असे वाटून. तिला समजले होते. तिने पिशवीतून जर्मन शब्दांची वही काढली आणि मांडीवर ठेवली.

"तीता, मी जर्मनची परीक्षा पास झाले आहे. पुढच्या वर्षी या वेळी मी जर्मनीत असेन. अनघालाही अजून सांगितलेले नाही." वही मिटून ती म्हणाली, "काल मी 'मैं है ना' म्हणाले, ते जसे वॉर्डात घाबरलेल्या रुग्णाला म्हणतो तसे. प्रणालीचा करार तीन वर्षांचा आहे. मी तांदूळ कसे घेऊ?"

"सांगितले नाही तर?" हा प्रश्न मी विचारला, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवते. पाच वाजायला चार तास होते.

"आई हाँगकाँगला गेली तेव्हा मला एका आत्याकडे ठेवले होते," ती म्हणाली. "काही महिन्यांत आत्याला सौदीत काम मिळाले. तिला जायचे होते हे सगळ्यांना आधी माहीत होते. मला कोणी सांगितले नव्हते. मी वच्छलाबाईंना सांगूनच घेईन, नाहीतर घेणार नाही."

प्रणाली सगळे ऐकत होती. तिला इंग्रजी समजते. ती एवढेच म्हणाली, "चला मॅडम. सांगून पाहू."

परतीच्या वाटेचे वर्णन करण्यासारखे काही नाही. पाऊस होता, आणि चामोर्शीच्या पुढे एका म्हशीने आम्हाला पाव तास रस्ता दिला नाही. भास्करने तिला "ताई, सरका जी" अशी विनंतीही करून पाहिली. गाडीत कोणी जर्मन शब्द पाठ केले नाहीत.

चारला पोहोचलो. वच्छलाबाई पाऊस वाढल्यामुळे लवकर घरी आल्या होत्या आणि ओसरीवर सुपाने तांदूळ पाखडत होत्या. मी आधी माझी चूक सांगितली. आमच्याकडे दोनदा नको म्हणण्याची रीत आहे, ती का आहे, आणि तिसऱ्यांदा घेतात, असे सविस्तर.

त्यांनी पूर्ण ऐकले. "मले काय मालूम? मी दोनदाच इचारलं."

मग मारिसेल त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने सांगितले. यात तेलुगू पुरे पडले नाही, म्हणून मी वाक्यावाक्याने भाषांतर केले. मी मस्कतला एक वर्षच असेन. नंतर दुसऱ्या देशात जाईन. काल हे सांगायला हवे होते. तांदूळ मागायला मी आलेले नाही; तुम्हाला खरे माहीत असावे म्हणून आले आहे.

सुपाचा आवाज थांबला. मोरेश्वरभाऊ दारात येऊन उभे राहिले. प्रणाली खांबाला टेकून होती आणि आईकडे न पाहता अंगणातल्या चिखलाकडे पाहत होती.

"एक साल पक्का?" वच्छलाबाईंनी विचारले.

"पक्का."

त्या आत गेल्या, सकाळचेच गाठोडे घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी त्याची गाठ सोडली. मग लोखंडी माप घेऊन त्यातले एक माप तांदूळ त्यांनी परत सुपात ओतले. नंतर दुसरे.

"तीन सालाचं बांधलं होतं," त्या म्हणाल्या. "हे एका सालाचं. मिरचीचा हंगाम त दोन मयन्याचाच असते. एका सालात हे पोट्टी शिकली नाई, त तिले मस्कतले काय, सावलीच्या बजारातबी पाठवनार नाई मी. आन शिकली, त पुढच्या साली नव्या पोरीची जोडीदारीन हेच होईन." गाठ पुन्हा बांधून त्यांनी गाठोडे पुढे केले.

मारिसेलने दोन्ही हातांनी ते घेतले. या वेळी मी तोंड उघडले नाही.

गावात मोबाइलची रेंज फक्त हातपंपापाशी येते. साडेचारला प्रणाली छत्रीखाली हातपंपाला टेकून पत्र पाठवत होती, आणि पाण्याला आलेल्या दोन बाया पत्र जाईपर्यंत हांडे घेऊन थांबल्या होत्या. पोहोच आल्यावर त्यातल्या एकीने विचारले, "गेलं काय वो? मंग सरक बापा, पानी भरू दे."

माझ्या दृष्टीने प्रवासाचा हेतू येथे पूर्ण झाला होता. वहीत तशी खूणही केली. चहा घेताना वच्छलाबाई म्हणाल्या, "मॅडम, एक इचारू? तुमची पोरगी गेली, तवा तिले कोनाच्या हाती देलं होतं?"

मी आठवू लागले. मी अनघाला सगळ्या कागदांच्या तीन प्रती दिल्या होत्या, अनुक्रमणिकेसह. मसाल्यांच्या डब्यांवर नावे चिकटवली होती. भात कसा लावायचा, याची चिठ्ठी तांदळाच्या डब्यात ठेवली होती.

"कोणाच्याच नाही," मी म्हणाले.

मारिसेलने काय चालले आहे ते विचारले. मी सांगितले. ती म्हणाली, "पहिला महिना अनघा बिस्किटांवर होती, तीता. तुमच्या चिठ्ठीत पाण्याचे माप बरोबर होते, पण भांडे वेगळे होते. भात रोज करपायचा. मग ती रडायची. मग मी माझ्याच हांडीत तिचा एक वाटा टाकायला लागले. अजून टाकते."

दुभाष्याने कोणतेही वाक्य गाळू नये, असा नियम आहे. मी ते सगळे मराठीत सांगितले. थोडा वेळ लागला.

सुपात ती दोन मापे तांदूळ तशीच पडली होती.

"वच्छलाबाई, त्यातलं एक माप मला द्याल का?" मी विचारले. "चार वर्षांचं राहिलं आहे."

त्यांनी काही न विचारता माप भरले आणि माझ्या पदरात ओतले. "फुकट नाई देत हो. काल ओळ लावली ना तुमी बांधीत. तिची मजुरी."

"ते ओळ मी आज सकाळी पुन्हा लावली," दारातून मोरेश्वरभाऊ म्हणाले.

"तुमी चूप राहा."

पदर दोन्ही हातांनी सावरत मी मारिसेलसमोर उभी राहिले. तीन दिवसांत ती इकडची रीत शिकली होती. तिने गाठोड्याची गाठ सोडली, दोन्ही हातांनी फडके पसरून धरले आणि मी तांदूळ ओतत असताना एकदाही नको म्हटले नाही.

विमानात सामान तीसच किलो नेता येते. हे मी पुन्हा कोणाला सांगितले नाही.